खारं पाणी, सिमेंटची गोणी आणि चौदा दिवस

बाणेरच्या बाजूला एका सोसायटीने पार्किंगमधला एक कॉलम बघायला बोलावलं होतं. खालच्या दीड-दोन फुटांत प्लास्टर फुगलेलं, बोट लावलं की पोपडा हातात येत होता. आत काँक्रीटला उभी चीर आणि त्यातून गंजाचे तपकिरी ओघळ. छातीच्या उंचीवर मात्र तोच कॉलम ठणठणीत. "बिल्डरने माल खराब लावला," सेक्रेटरीकाका म्हणाले. माझं लक्ष शेजारी गेलं. कॉलमला टेकून जाड्या मिठाच्या पोत्यांची थप्पी होती, पलीकडे टँकरचं जड पाणी मऊ करायला बसवलेला सॉफ्टनर, आणि त्याच्या मिठाच्या टाकीतून सांडलेल्या पाण्याचा पांढरा माग थेट कॉलमच्या बुडाशी पोचलेला.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. सॉफ्टनरच्या मिठाच्या टाकीत तळाशी जे संपृक्त पाणी असतं, त्यात साधारण १९० ग्रॅम. म्हणजे घाट न उतरता पुण्यातल्या पार्किंगमध्ये समुद्राच्या दहापट खारेपणा, आणि तो रोज सांडतोय. त्या कॉलमवरच्या प्लास्टरला "५३ ग्रेडचं सिमेंट वापरलंय" हे प्रशस्तिपत्र होतं. ते खरंही असेल. पण ग्रेड सांगतो ताकद. मीठ आत शिरायला किती वेळ लागेल हे ग्रेडवर लिहिलेलं नसतं. ते ठरतं सिमेंटमध्ये क्लिंकरशिवाय, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मूळ खड्यांशिवाय, दुसरं काय दळलंय, पाणी किती घातलं आणि नंतर किती दिवस ओलं ठेवलं यावर. या तिन्ही गोष्टी साइटवर कशा करायच्या आणि झाल्या की नाही ते स्वतः कसं तपासायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : मीठ येतंय कुठून ते आधी शोधा

साधं मीठ मॉर्टरला, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मालाला, फारसं खात नाही, ते सळईला खातं. काँक्रीटच्या आत पीएच साडेबाराच्या वर असतो, तेवढ्या अल्कलीत लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. क्लोराइड तिथवर पोचलं की तो थर ठिकठिकाणी फोडतं आणि सळईला खड्डे पडू लागतात. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटतो. आपल्याला चीर दिसते तेव्हा आतला कार्यक्रम बराच जुना झालेला असतो.

पुण्याच्या माणसाला क्लोराइड भेटतं ते साधारण या वाटांनी: बोअरचं किंवा टँकरचं खारं पाणी, सॉफ्टनरची खोली आणि त्याचं सांडपाणी, पोहण्याचा तलाव, आणि दापोली-गुहागर-अलिबागला बांधलेलं दुसरं घर. दोन वाटा लोकांच्या लक्षातच येत नाहीत. एक म्हणजे फरशी बसवून झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला ओततात ते ॲसिड. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. मॉर्टरमधल्या चुन्याशी त्याची गाठ पडली की कॅल्शियम क्लोराइड तयार होतं, आणि ते पाण्यात विरघळून सांध्यांतून खाली स्लॅबमध्ये उतरतं. बाथरूमखालच्या स्लॅबच्या सळया इतर स्लॅबच्या आधी का गंजतात, याच्या उत्तरात गळतीच्या जोडीला हे ॲसिडही असतं. दुसरी वाट म्हणजे माल लवकर घट्ट व्हावा म्हणून घालायच्या काही पुड्या. त्यात कॅल्शियम क्लोराइड असलं तर हिशोब बघा: ५० किलोच्या गोणीला २ टक्के, म्हणजे १ किलो पुडी घातली, तर त्यातलं जवळजवळ अर्धा किलो निव्वळ क्लोराइड असतं. सिमेंटच्या वजनाच्या साधारण १ टक्का. सळई गंजायला सुरुवात होण्याचा ढोबळ उंबरठा सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे बाहेरचं मीठ यायच्या आधीच आपण आतून हद्द ओलांडलेली असते. सळई जवळ असेल तिथे पुडीवर "क्लोराइडरहित" असं छापलेलं नसेल तर ती पुडी परत करा.

वाट सापडली की ती आधी बंद करा. नळाची गळती चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही.

पायरी २ : गोणीत नक्की काय असतं ते समजून घ्या

सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की दोन मुख्य गोष्टी तयार होतात. एक, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. हा खरा डिंक, सगळी ताकद याची. दुसरी, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुनाच. हा चुना अल्कली टिकवायला उपयोगी, पण बांधायला कमजोर, आणि वाळूच्या कणाभोवती त्याचे मोठाले स्फटिक साचतात. वाळूचा कण आणि सिमेंट यांच्यामधला हा केसाहूनही बारीक पट्टा मॉर्टरमधला सगळ्यांत सच्छिद्र भाग असतो. मीठ याच गल्ल्यांमधून चालत आत येतं.

खनिज पूरकं इथे कामाला येतात. फ्लाय ॲश, मायक्रोसिलिका, भाजलेली माती यांच्यातली सिलिका या रिकाम्या चुन्याला धरते, त्याचा आणखी डिंक करते, आणि तो डिंक छिद्रांत बसतो. आपल्याकडे चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी घालायचे, ती याच कारणाने. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोझुओलीची ज्वालामुखीची राख घालत, म्हणून या क्रियेला पोझोलानिक म्हणतात. नाव इटलीचं असलं तरी आपल्या गवंड्याच्या आज्याला ही गोष्ट हाताने माहीत होती.

दुसरं काम जरा खोलवरचं. पूरकांमधलं ॲल्युमिना क्लोराइडला रासायनिक पद्धतीने बांधून टाकतं. जे संयुग बनतं त्याला जॉर्ज फ्रीडेल या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाच्या नावावरून फ्रीडेलचं मीठ म्हणतात. बांधलेलं क्लोराइड चालत नाही, मोकळं क्लोराइडच सळईपर्यंत जातं. म्हणजे एक रस्ता अरुंद करण्याचं काम आणि एक वाटेतच पकडून ठेवण्याचं.

प्रत्येक पूरकाचा स्वभाव वेगळा आहे:

फ्लाय ॲश ही कोळशावरच्या वीज केंद्रांची राख, आपल्याकडे एकलहरे, कोराडी, चंद्रपूरसारख्या ठिकाणांहून येते. चिमटीत धरली तर टाल्कम पावडरसारखी सरकते, कारण तिचे कण गोल असतात. त्यामुळे माल कमी पाण्यातही मऊ होतो, हा तिचा न बोललेला फायदा. तिची क्रिया मात्र आळशी. २८ दिवसांना साध्या सिमेंटशी बरोबरी करते किंवा किंचित मागेच असते, खरा फरक ९० दिवसांनंतर दिसतो. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत उतरतो तेव्हा ती आणखी सुस्तावते.

स्लॅग म्हणजे पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतला मळ, पाण्याने एकदम थंड करून दळलेला. हा अर्धा सिमेंटच असतो, चुन्याने जागा झाला की स्वतःच घट्ट होतो. ५० टक्क्यांच्या आसपास किंवा वर घातला तर क्लोराइडविरुद्ध सगळ्यांत भरवशाचा, कारण छिद्रंही बारीक करतो आणि ॲल्युमिनामुळे बांधूनही ठेवतो. ओळखायची एक गंमत सांगतो. स्लॅगचा ताजा ठोकळा फोडला की आतून हिरवट-निळा रंग दिसतो आणि हवा लागली की हळूहळू उडतो. कितीतरी वेळा साइटवर फोन आलाय, "साहेब, माल हिरवा पडलाय, भेसळ आहे." भेसळ नाही, उलट तो रंग दिसला की मला बरं वाटतं.

मायक्रोसिलिका, म्हणजे सिलिका फ्यूम, हे अतिबारीक भुसकट. सिमेंटच्या कणाच्या शंभराव्या भागाएवढे त्याचे कण. ५ ते १० टक्के पुरे. गल्ल्या बुजवण्यात याचा हात कोणी धरणार नाही. क्लोराइड बांधून ठेवण्यात मात्र ते कमी पडतं, कारण त्यात ॲल्युमिना जवळजवळ नाहीच. आणि त्याला पाणी फार लागतं. प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यात माल मऊ करणारं रसायन, न घालता हाताने कालवलं तर गुठळ्या होतात, गवंडी वर आणखी पाणी ओततो, आणि जे कमावलं ते वाहून जातं. मशीन नसेल तर साध्या प्लास्टरला याच्या वाटेला जाऊ नका.

मेटाकाओलिन ही ६५० ते ८०० अंशांना भाजलेली शुद्ध चिनी माती. महाग, पण लवकर काम करते आणि बांधूनही ठेवते. दुरुस्तीच्या तयार मॉर्टरमध्ये अनेकदा हीच असते. तिची गरीब बहीण म्हणजे साधी भाजलेली माती आणि चुनखडीची भुकटी एकत्र घातलेलं एलसी३ सिमेंट: साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, ५ टक्के जिप्सम. त्याच्या संशोधनात स्वित्झर्लंड आणि क्युबाबरोबर आपल्या दिल्ली, मद्रास आणि मुंबईच्या आयआयटी होत्या, आणि २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानक, आयएस १८१८९, आलं. क्लोराइडविरुद्ध ते फार चांगलं ठरतंय. नुसती चुनखडीची भुकटी मात्र फक्त जागा भरते, मिठाविरुद्ध तिच्याकडून मोठी अपेक्षा ठेवू नये.

पायरी ३ : दुकानात गोणी वाचा

साध्या सिमेंटची, म्हणजे ओपीसीची गोणी आयएस २६९ ची. पीपीसीची गोणी आयएस १४८९ भाग १ ची, तीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश. पीएससी म्हणजे स्लॅगचं सिमेंट, आयएस ४५५. कॉम्पोझिट सिमेंट आयएस १६४१५ चं, त्यात फ्लाय ॲश आणि स्लॅग दोन्ही. हे आकडे गोणीवर छापलेले असतात. ब्रँडच्या जाहिरातीपेक्षा हा एक आकडा जास्त सांगतो. सोबत आठवड्याचा आणि वर्षाचा शिक्का बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी पुन्हा तपासल्याशिवाय महत्त्वाच्या कामाला नको.

माझा सरळ सल्ला असा. पुण्यातल्या साध्या बाहेरच्या प्लास्टरला पीपीसी, डोळे झाकून. कोकणातल्या घराला, सॉफ्टनरच्या खोलीला, तलावाच्या भिंतीला पीएससी किंवा कॉम्पोझिट. पीएससी प्रत्येक दुकानात ठेवलेलं नसतं, आधी सांगून मागवावं लागतं. नाहीच मिळालं तर पीपीसी घ्या आणि पायरी ५ दुप्पट मन लावून करा.

दोन चुका टाळा. पहिली, समुद्राकाठी "सल्फेट रेझिस्टंट" सिमेंट घेणं. नाव ऐकून ते खाऱ्या हवेसाठीच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्यात ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट ५ टक्क्यांच्या आत ठेवलेलं असतं, आणि क्लोराइडला बांधून ठेवणारं साध्या सिमेंटमधलं तेच तर असतं. सल्फेटवर इलाज करताना मिठाला वाट मोकळी होते. दुसरी चूक म्हणजे साइटवर राखेचं पोतं आणून सिमेंटमध्ये हाताने मिसळणं. पीपीसीत राख आधीच आहे, त्यात आणखी घातली तर प्रमाण हातातून जातं. ओपीसीत फावड्याने मिसळलेली राख एका घमेल्यात ४० टक्के आणि पुढच्यात १० टक्के अशी पडते. ही कामं कारखान्यात किंवा आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटवर होऊ द्या. आरएमसी घेत असाल तर सिमेंट, राख आणि स्लॅग किती किलो आहे तो मिक्स डिझाइनचा कागद मागा. देतात, मागावा लागतो एवढंच.

पायरी ४ : पाणी आणि वाळू

आधी पाण्याची तपासणी. आयएस ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, सळई नसेल तर २००० पर्यंत चालतं. कॉलम-बीमवरच्या मॉर्टरला ५०० चीच मर्यादा धरा. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून भरा आणि पाणी तपासणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत द्या. टँकर बदलला की पाणी बदलतं. मार्चमधला रिपोर्ट मेमध्ये दाखवू नका.

वाळूची घरगुती चाचणी आहे. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं ते बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर (ॲसिड नव्हे), घ्या, एका बाटलीत मूठभर वाळू घालून जोरात हलवा, गाळ बसला की वरच्या निवळीत सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाका. पाणी दुधाळ झालं की मीठ आहे. तुलनेसाठी नुसत्या बॅटरीच्या पाण्यातही चार थेंब टाकून बघा, ते स्वच्छ राहायला हवं. पुण्यातली दगड फोडून केलेली बेसाल्टची क्रश सँड मिठाच्या बाबतीत साधारण निर्धोक असते. तिचा दोष म्हणजे धूळ, आणि धूळ पाणी मागते. कोकणात खाडीतून काढलेली रेती मात्र ही चाचणी केल्याशिवाय घेऊ नये. पावसात ठेवून धुऊन निघते असं सांगतात, त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते दुधाळपणा ठरवेल.

आता खरा घोटाळा: मालात घालायचं पाणी. एक गोणी ५० किलो, आकाराने ३५ लिटर, म्हणजे एक फर्मा. १:४ च्या मालाला चार फर्मे वाळू, साधारण २०० किलो. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५ ठेवायचं तर एकूण पाणी २५ लिटर. पण वाळूत ५ टक्के ओल असली तर १० लिटर पाणी वाळूतच आलेलं आहे. म्हणजे वरून घालायचं फक्त १५. बादलीने अंदाजे ओतणारा बिगारी ३० लिटर सहज घालतो. झाले ४०, गुणोत्तर ०.८. एवढ्या पाण्यात कुठलंही पूरक मिठाला थोपवू शकत नाही, कारण जास्तीचं पाणी उडून गेलं की त्याच्या जागी उरतात त्या आरपार नळ्या.

बारीक क्रश सँडमध्ये प्लास्टिसायझरशिवाय ०.५ साधत नाही, हे मान्य. चांगला प्लास्टिसायझर घालून ०.५५ च्या आत ठेवता आलं तरी पुष्कळ. बादलीवर रंगाने खूण करून द्या. "दोन बादल्या" म्हणण्यापेक्षा "या रेषेपर्यंत" सांगितलेलं पाळलं जातं.

आणि माल फार श्रीमंत करू नका. १:३ चं प्लास्टर आकसतं, केसासारख्या भेगा पडतात, आणि भेगेतून मीठ सरळ आत जातं, पूरक बाजूला उभं राहून बघत बसतं. बाहेरच्या बाजूला १:४, दोन हातांत.

पायरी ५ : पाणी मारणं, म्हणजे खरी किंमत वसूल करणं

"साहेब, तीन दिवस मारलं की पाणी. घट्ट झालंय, बोट रुतत नाय." हे वाक्य मी इतक्या साइटवर ऐकलंय की आता हसू येतं. घट्ट होणं आणि छिद्रं बुजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओपीसी पहिल्या आठवड्यात बरंचसं काम उरकतं. पीपीसी आणि स्लॅग तेव्हा कुठे कामाला लागलेले असतात, कारण त्यांना आधी चुना तयार व्हावा लागतो आणि मग तो खायला पाणी लागतं. पाणी बंद केलं की राख निव्वळ भर म्हणून पडून राहते. अशा वेळी पीपीसीचं प्लास्टर ओपीसीपेक्षाही वाईट निघू शकतं. पीपीसीला नावं ठेवणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर या अर्धवट पाण्याला नावं ठेवत असतात.

आयएस ४५६ मध्ये ओपीसीला किमान ७ दिवस, आणि पूरक असलेल्या सिमेंटला किमान १० दिवस, शक्यतो १४, असं सांगितलंय. मी १४ च धरतो. पुण्यात मार्च ते मे पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन आणि कोरडं वारं, सकाळी मारलेलं पाणी अकरा वाजता उडालेलं असतं. तिथे दिवसातून दोनदा पाणी मारून भागत नाही. भिंतीवर गोणपाट लटकवा आणि गोणपाट ओलं ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक बांधलं तर दिवसातून एकदा पाणी पुरतं. थंडीत घाई नको, १४ चे १८ दिवस करा. पाणी मात्र तपासलेलंच मारा. खाऱ्या बोअरच्या पाण्याने चौदा दिवस भिजवणं म्हणजे चौदा दिवस मीठ चोळणं.

एक सावधगिरी. पूरकं चुना खातात, म्हणून अल्कलीचा साठा थोडा कमी होतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने होणारं कार्बोनेशन अशा मालात लवकर आत शिरू शकतं, विशेषतः पाणी कमी मारलं असेल तर. आणि कार्बोनेशन पोचलं की फ्रीडेलच्या मिठात बांधलेलं क्लोराइड पुन्हा सुटतं. त्यामुळे चौदा दिवसांत सूट मागायची असेल तर माझ्याकडे मागू नका.

पायरी ६ : स्वतः मोजून बघा

आपल्या भागातली वाळू आणि आपलं सिमेंट यांचा निकाल स्वतः बघायचा असेल तर हा प्रयोग सोसायटीच्या गच्चीवर किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. अभियांत्रिकीच्या मुलांना छोट्या प्रकल्पासाठी फार चांगला.

७०.६ मिलिमीटरचे क्यूबचे साचे घ्या. प्रत्येक मिश्रणाचे सहा क्यूब. सहा क्यूबला १.२ किलो सिमेंट, ३.६ किलो वाळू, ६०० मिलिलिटर पाणी. चार मिश्रणं करा: नुसतं ओपीसी, ९०० ग्रॅम ओपीसीत ३०० ग्रॅम फ्लाय ॲश, ६०० ग्रॅम ओपीसीत ६०० ग्रॅम स्लॅग, आणि ११०४ ग्रॅम ओपीसीत ९६ ग्रॅम मायक्रोसिलिका. पाणी सगळ्यांना सारखंच. मायक्रोसिलिकाचा माल कोरडा वाटला तर प्लास्टिसायझर घाला, पाणी नाही. अर्धे क्यूब २८ दिवस आणि अर्धे ९० दिवस पाण्यात ठेवा.

मग क्यूब पुसून पाच बाजूंना इपॉक्सी लावा, एक बाजू उघडी. इपॉक्सी वाळली की चुन्याच्या निवळीत बुडवून पुन्हा पूर्ण भिजवा. कोरडा क्यूब मिठाचं पाणी स्पंजासारखं शोषून घेतो आणि मोजमाप फसतं. आता लिटरला १६५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात ३५ दिवस ठेवा, भांडं झाकून. नॉर्डिक देशांच्या चाचणीतही मिठाचं हेच प्रमाण आणि किमान हाच अवधी असतो. ते पुढे थराथराने भुकटी काढून क्लोराइड मोजतात, आपण रंगावर भागवू.

बाहेर काढून छिन्नी-हातोड्याने उघड्या बाजूला काटकोनात मधोमध फोडा. करवतीने पाण्यात कापलं तर मीठ धुऊन निघतं. ताज्या तुटलेल्या तोंडावर सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण फवारा: १०० मिलिलिटर बॅटरीच्या पाण्यात १.७ ग्रॅम. हातमोजे आणि चष्मा लावा, नाहीतर बोटांवरचे काळे डाग आठ-दहा दिवस शेजारी विचारत राहतील. दहा-पंधरा मिनिटांत क्लोराइड पोचलेला भाग चंदेरी पांढरा होतो, न पोचलेला तपकिरी. पांढऱ्या पट्ट्याची खोली पाच-सात ठिकाणी पट्टीने मोजा, कडेचे दहा मिलिमीटर सोडून, आणि सरासरी घ्या.

वाचताना एक गणित लक्षात ठेवा. मिठाची खोली वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. म्हणून एका क्यूबमध्ये २० मिलिमीटर आणि दुसऱ्यात १० दिसलं तर दुसरा दुप्पट चांगला नाही, चौपट चांगला आहे. तेवढ्याच खोलीला मीठ पोचायला त्यात चौपट वेळ लागेल. २८ दिवसांच्या क्यूबमध्ये फ्लाय ॲश आणि ओपीसी जवळजवळ असले तर निराश होऊ नका, ९० दिवसांचे फोडा आणि मग बोला. स्लॅग आणि मायक्रोसिलिका सहसा आधीच पुढे असतात. रंग कुठे बदलतो ते मालाच्या अल्कलीवरही थोडं अवलंबून असतं, तेव्हा ही चाचणी तुलनेसाठी, कोर्टात दाखवायला नाही.

प्रयोगशाळेत काँक्रीटसाठी आरसीपीटी नावाची चाचणी करतात. ५० मिलिमीटर जाडीच्या चकतीवर ६० व्होल्ट सहा तास, आणि किती कूलंब वीज गेली ते मोजायचं. ४००० च्या वर म्हणजे मिठाला मोकळं रान, १००० च्या खाली म्हणजे फार घट्ट. उपयोगी आहे, पण ती मोजते वीज. मायक्रोसिलिका घातली की छिद्रांतल्या पाण्याची वीज वाहण्याची ताकदही घटते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा जरा जास्तच गोंडस दिसतो. कंत्राटदार फक्त आरसीपीटीचा कागद पुढे करत असेल तर एक चकती फोडून सिल्व्हर नायट्रेट मारून दाखवायला सांगा.

पायरी ७ : आधीच खराब झालेल्या कॉलमचं काय

कॉलमला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा आणि टेकू द्या. मग ड्रिलने १०-१० मिलिमीटरच्या टप्प्यांनी भुकटी काढा, प्रत्येक टप्पा वेगळ्या पुडीत, मधे भोक फुंकून साफ करा. आयएस १४९५९ भाग २ प्रमाणे क्लोराइड तपासून घ्या. किती खोलपर्यंत मीठ गेलंय त्यावर किती फोडायचं ते ठरतं, नुसत्या फुगलेल्या भागावर नाही.

कारण एक दुष्टचक्र आहे. फुगलेलं तेवढंच काढून तिथे स्लॅगचं उत्तम मॉर्टर भरलं, तर नव्या भागातली सळई सुरक्षित होते आणि शेजारच्या जुन्या, खारट काँक्रीटमधली सळई जोरात गंजू लागते. दोन-तीन वर्षांत ठिगळाच्या कडेने नवीन चीर. लोक म्हणतात मॉर्टर वाईट निघालं. मॉर्टर चांगलं होतं म्हणूनच तर गंज कडेला सरकला. तेव्हा खारट काँक्रीट दिसतंय त्यापलीकडेही, आणि सळईच्या मागेही किमान बोटभर मोकळी जागा होईल इतकं काढायचं. सळई घासून चकचकीत करायची, स्वच्छ पाण्याने धुवायची, सळईचा व्यास बराच घटला असेल तर जोडसळई द्यायची. दोन सेंटिमीटरच्या वरच्या खोलीला साधा साइटवरचा माल न वापरता तयार दुरुस्ती मॉर्टर घ्या, ज्यात आकसणं रोखायची सोय असते. आणि वरचं प्लास्टर कव्हरमध्ये धरू नका. आयएस ४५६ मध्ये खाऱ्या किनाऱ्याच्या हवेत उघड्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलंय, ते काँक्रीटचंच. प्लास्टर हा वरचा बोनस.

बाणेरच्या त्या कॉलमला सळईच्या पलीकडेपर्यंत मीठ सापडलं. मिठाची टाकी उंच प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसवली, सांडपाण्याचा पाइप ड्रेनेजपर्यंत नेला, पोती दुसऱ्या भिंतीशी प्लास्टिकच्या पॅलेटवर गेली. कॉलम फोडून भरला, वरून कॉम्पोझिट सिमेंटचं प्लास्टर झालं. वॉचमनदादांना कॅलेंडर दिलं, त्यांनी चौदाही दिवस खडूने कॉलमच्या शेजारी एकेक रेघ मारली. पंधराव्या दिवशी मी गोणपाट सोडायला गेलो तर सेक्रेटरीकाका खाली आले. म्हणाले, "साहेब, छान झालंय. एक विचारायचं होतं. पलीकडे एकाची गाडी लागते, त्याची तक्रार आहे. मिठाची पोती तात्पुरती इथेच ठेवली तर चालतील का, प्लास्टिक टाकून?"

मी गोणपाट परत गुंडाळलं आणि त्यांच्याबरोबर गाडीवाल्याच्या फ्लॅटवर गेलो.